चुनखडीच्या गावात रिठ्याचा फेस

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत मराठवाड्यातल्या येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीची पालखी निघते आणि लाखो भाविक शिवारात वाकून पांढरे खडे वेचू लागतात. ही चुनखडी. काळ्याभोर रानात हा पांढरा चुना आला कुठून? बालाघाटाचा हा सगळा डोंगर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने घडलेला. त्या काळ्या दगडाच्या पोटात कॅल्शियम दडलेलं असतं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पिऊन किंचित आंबट होतं, दगडातलं कॅल्शियम सोडवून घेतं, आणि ते पाणी उडून गेलं की मातीत पांढरे खडे उरतात.

याचा तुमच्या घरातल्या सोफ्याशी काय संबंध? फार जवळचा! तेच कॅल्शियम विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यातही उतरतं. जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे मराठवाड्यातल्या घराघरांत ठाऊक आहे. साबणाचा रेणू पाण्यात गेला की त्याच्यावर ऋण विद्युतभार येतो; कॅल्शियमवर धनभार असतो. दोघं एकमेकांना चिकटतात आणि विरघळेनासे होतात. बादलीत तरंगणारा तो करडा साका म्हणजे हेच. सदरा असेल तर खळबळून धुता येतो. पण सोफा कसा खळबळणार? साका कापडातच बसतो, चिकट राहतो, आणि चार दिवसांत आधीपेक्षा जास्त धूळ धरतो.

आता किराणा किंवा काष्ठौषधीच्या दुकानातून मूठभर रिठे आणा. बी काढून आठ-दहा टरफलं तांब्याभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळा आणि रवीने घुसळा. बघता बघता भांडं पांढऱ्या फेसाने भरून येतं, आणि तेही बोअरच्या पाण्यात! हा चमत्कार रिठ्यातल्या सॅपोनिन या पदार्थाचा. त्याच्या रेणूचं एक टोक तेलकट मळात शिरतं, दुसरं पाण्याला धरतं. साबणाचंही तसंच असतं, पण इथे पाण्याकडचं टोक साखरेच्या साखळ्यांचं आहे! साखरेवर विद्युतभार नसतो, त्यामुळे कॅल्शियमला धरायला फारसं काही सापडतच नाही. झाडाने हा पदार्थ आपलं फळ किडींपासून आणि बुरशीपासून राखायला बनवला. आपण त्याने पैठण्या, शाली आणि दागिने धुतले.

सोफ्यासाठी मात्र ते पाणी बाजूला ठेवायचं आणि वरचा फेसच तेवढा उचलायचा. फेस म्हणजे बहुतांशी हवा! बुडबुड्यांच्या भिंती अतिशय पातळ, पण मळ सोडवायला लागणारं सॅपोनिन त्या भिंतींतच दाटलेलं असतं. म्हणजे कापडावर काम करणारा पदार्थ पुरेसा पोचतो आणि आतल्या फोमपर्यंत पाणी जवळपास जातच नाही. फोम भिजला, तर तो वाळायला दिवस लागतात आणि कुबट वास धरतो.

पाणी जास्त झालं की आणखी एक गोष्ट घडते. चहाचा डाग तुम्ही घासून काढता, कापड स्वच्छ दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी कडं उमटलेलं असतं! ओल्या डागाची कड सर्वांत आधी वाळते. तिथलं उडालेलं पाणी भरून काढायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि येताना रंगाचे कण घेऊन येतं. सांडलेल्या कॉफीच्या डागाची कड गडद का, याचा हा उलगडा शिकागोच्या शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. म्हणून डाग नेहमी कडेकडून आत टिपत जायचा. फेस मऊ ब्रशने हलकेच फिरवायचा, पिळून काढलेल्या फडक्याने दोनदा पुसायचं आणि पंखा लावायचा. रिठ्याचं पाणी तपकिरी असतं, त्यामुळे फिक्या रंगाच्या कापडावर आधी मागच्या कोपऱ्यात करून बघा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं. आणि उरलेलं पाणी तळ्यात, ओढ्यात कधीच ओतू नका: सॅपोनिन माशांच्या जिवावर उठतं. झाडाचं आहे म्हणून निरुपद्रवी, असं नसतं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफसणारा फेस करायची सध्या फॅशन आहे. दिसतं झकास, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हाती उरतं ते जवळपास मीठपाणी. नुसता खाण्याचा सोडा मात्र कोरडा भुरभुरून ठेवा. घामाच्या आंबट वासाची आम्लं तो निकामी करतो. तासाभराने व्हॅक्यूमने ओढून घ्या.

राहिले ते डोळ्यांना न दिसणारे पाहुणे. गादीत, सोफ्यात राहणारे धुळीतले माइट्स मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढे असतात आणि आपल्या गळून पडलेल्या त्वचेवर जगतात. पण ते पाणी कुठून पितात? हवेतून! त्यांच्या पुढच्या पायांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून खारट द्रव पाझरतो. पावसाळ्यात बरणीतलं मीठ जसं हवेतली ओल ओढून पाझरतं, तसा हा द्रव हवेतली वाफ ओढतो आणि ओघळत थेट तोंडात जातो. हवेची आर्द्रता बराच काळ निम्म्याखाली राहिली की द्रव सुकतो, वाट बंद होते आणि माइट तहानेने मरतो.

येरमाळ्याच्या एप्रिलमध्ये अशी कोरडी हवा फुकट मिळते! गाद्या, लोड, उशा गच्चीवर टाका, दुपारी उलटा आणि संध्याकाळी काठीने झोडपून आत आणा. मेलेल्या माइट्सची विष्ठाही दमेकऱ्याला त्रास देते, त्यामुळे झोडपणं टाळू नका. फक्त झोडपणाऱ्याने तोंडाला फडकं बांधावं. सोफ्याचं रंगीत कापड मात्र उन्हात विटतं. त्याच्या उशांचे अभ्रे काढून घ्या आणि ऊन आतल्या भरावालाच दाखवा.