नाताळाआधीचे पंचवीस दिवस

ख्रिस्ती उपासनेचं वर्ष जानेवारीत उघडत नाही. ते उघडतं नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला, वर्धा जिल्ह्यात कापसाची वेचणी जोरात असते तेव्हा. त्याचा मुहूर्त काढणं सोपं आहे. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यांत जवळचा रविवार शोधायचा, तोच आगमनकाळाचा पहिला रविवार. तो २७ नोव्हेंबरच्या आधी येत नाही आणि ३ डिसेंबरच्या पुढे जात नाही. तिथून नाताळापर्यंत रविवार चारच मिळतात, दिवस मात्र कमीजास्त होतात. नाताळ रविवारी आला तर पुरते २८, सोमवारी आला तर २२. २०२६ मध्ये हा काळ २९ नोव्हेंबरला सुरू होतो. १९७० साली याच तारखेला आगमनकाळाचा पहिला रविवार होता आणि त्या दिवशी नागपुरात सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी एक व्हायचं, ही निवड मला फार मोलाची वाटते.

या रविवारी चर्चमध्ये काय वाचलं जातं, ते मात्र सगळीकडे सारखं नसतं. नागपूरच्या किंवा वसईच्या लॅटिन पद्धतीच्या चर्चमध्ये पहिल्या रविवारी येशूच्या पुनरागमनाबद्दल ऐकायला मिळतं: जागे राहा, तो कधी येईल सांगता येत नाही. मग दोन रविवार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे, आणि बेथलेहेमची चाहूल लागते ती चौथ्या रविवारी. वर्धा जिल्हा मात्र चांदा धर्मप्रांतात येतो. १९६२ साली केरळातल्या सिरो-मलबार परंपरेकडे सोपवलेल्या या प्रांताचं केंद्र बल्लारपूरला आहे. या परंपरेत चारही रविवार दोन घरांच्या गोष्टीचे असतात. पहिल्या रविवारी वृद्ध याजक जखऱ्याला देवदूत भेटतो, दुसऱ्या रविवारी मरीयेला. तिसऱ्या रविवारी जखऱ्याच्या घरी योहानाचा जन्म होतो आणि चौथ्या रविवारी योसेफाला स्वप्न पडतं.

आध्यात्मिक तयारी कशी करायची, हे मला तरी जखऱ्याकडून सगळ्यांत चांगलं कळतं. उतारवयात मुलगा होईल, यावर त्याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचा जाते. महिनोन्‌महिने तो मुका राहतो. बाळाचं नाव ठेवताना तो पाटीवर ‘योहान’ असं लिहितो, तेव्हा त्याला पुन्हा बोलता येतं, आणि त्याच्या तोंडून पहिली निघते ती देवाची स्तुती. पहिल्या रविवारी वाचा जाते आणि तिसऱ्या रविवारी परत येते. मधले दोन आठवडे आपल्या मौनासाठी आहेत, असं मी धरतो. सकाळी फोन हातात घेण्याआधी दहा मिनिटं गप्प बसावं, त्या दिवसाचं शुभवर्तमान एकदा वाचावं आणि लगेच काही मागू नये. सेवाग्रामच्या जिल्ह्यात हे अवघड वाटू नये. गांधीजी दर सोमवारी मौन पाळत आणि सांगायचं असेल ते कागदावर लिहून देत.

सिरो-मलबार घरांत पंचवीस दिवसांचा उपास १ डिसेंबरला सुरू होतो, मग वार कोणताही असो. नाताळापर्यंत मटण, मासे, अंडी वर्ज्य असतात. लॅटिन चर्चमध्ये असा बंधनकारक उपास नाही, पण स्वेच्छेने कुणीही धरावा. मटणाचे वाचलेले पैसे मात्र वेगळ्या डब्यात पडले पाहिजेत आणि नाताळाच्या आत गरजवंताच्या हाती गेले पाहिजेत. नाहीतर तो निव्वळ जेवणातला बदल होतो.

मोठेपणी योहानाने दिलेली शिकवणही याच अंगाने जाते. आम्ही काय करावं, असं लोक त्याला विचारतात, तेव्हा तो मोठं व्रत सांगत नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायाने कुणाला लुबाडू नये. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ चालवणारे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते. वस्तू कशी तयार झाली याची नैतिक जबाबदारी विकत घेणाऱ्यावरही येते, असं ते आग्रहाने मांडत. नाताळाची खरेदी नेमकी याच दिवसांत होते, म्हणून आत्मपरीक्षण करताना हा प्रश्न वगळू नये. शिंप्याचे पैसे दिले का? कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी बाकी आहे का? हिशेब आधी चुकता करावा, मग पापनिवेदनाला जावं. आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. २३ तारखेच्या रांगेत फादरही थकलेले असतात आणि आपणही घाईत असतो.

आगमनकाळातल्या मेणबत्त्यांच्या चक्राची सुरुवात १८३९ मध्ये हॅम्बुर्गला झाली; योहान विखर्न यांनी ते गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर केलं. आज त्यात चार मेणबत्त्या असतात: तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, दर रविवारी एक वाढवायची. गुलाबी तिसऱ्या रविवारची. गोठा आधी मांडायला हरकत नाही, पण गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी.

२४ डिसेंबर रविवारी आला, तर सकाळी चौथ्या रविवारची उपासना होते आणि त्याच रात्री ख्रिस्तजन्माची. २०२३ मध्ये असं झालं, २०२८ मध्ये पुन्हा होईल. अशा वर्षी चौथा आठवडा मिळतच नाही, तेव्हा डब्यातले पैसे आणि पापनिवेदन दोन्ही तिसऱ्या आठवड्यातच उरकायला हवं.