बियांतील प्रकाशाची कळ

पाऊस ओसरला कीं माळशिरस तालुक्यांतील कोरडवाहू रानांत रब्बी ज्वारीसाठीं कुळव फिरूं लागतो. त्या कुळवामागें एक चमत्कार घडतो, व तो शेतकऱ्यास मुळींच रुचत नाहीं. नुकत्याच स्वच्छ केलेल्या रानांत माठ, घोळ आणि इतर तण पुन्हां तरारून येतें. ओल होती, माती भुसभुशीत झाली, हीं कारणें खरींच. पण त्याच बिया ओल असूनही मातीखालीं वर्षानुवर्षें निजून होत्या. फासेनें माती उलटतांना त्यांवर क्षणभर उजेड पडतो, आणि पुष्कळ जातींच्या बियांस तेवढा क्षण पुरतो.

बियांना डोळे नाहींत. मग उजेड कळतो कोणाला? अमेरिकेंत बेल्ट्सव्हिल येथील सरकारी शेतकी संशोधन केंद्रांत बॉर्थविक, हेंड्रिक्स व त्यांचे सहकारी यांनीं १९५२ मध्यें याचा उलगडा आरंभिला. प्रयोग होता लेट्यूस नांवाच्या पालेभाजीच्या बियांवर. भिजलेल्या बियांवर तांबडा प्रकाश टाकला कीं त्या रुजत. लागलीच वर्णपटाच्या कडेचा गर्द तांबडा प्रकाश टाकला कीं बहुतेक तशाच पडून राहत. आळीपाळीनें अनेकदां असें केलें तरी निकाल ठरे तो शेवटच्या प्रकाशावर. घरांतील दिव्याचें बटण लहान मुलानें कितीही वेळां खालींवर केलें, तरी अखेर तें जेथें थांबेल त्यावरच दिवा लागलेला राहतो कीं विझलेला, तसेंच हें.

हें बटण म्हणजे एक प्रथिन. त्यास पुढें फायटोक्रोम हें नांव मिळालें. त्याला एक रंगद्रव्य जडलेलें असतें. सुमारें ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश शोषला गेला कीं त्या रंगद्रव्याच्या टोकाचें वलय एका दुहेरी बंधाभोवतीं वळतें, प्रथिनाचा आकार बदलतो, आणि बीजास रुजण्याची आज्ञा मिळते. ७३० च्या आसपासचा प्रकाश तें वलय परत फिरवितो.

हिरवीं पानें तांबडा प्रकाश गिळतात व गर्द तांबडा खालीं झिरपूं देतात. त्यामुळें दाट पिकाच्या सावलींत बियांची कळ मिटलेली राहते. हें लक्षांत घेऊन जर्मनींत काळोखांत नांगरटीचे प्रयोगही झाले. फळ एकसारखें आलें नाहीं, आणि त्यांत नवल तें काय! वर उघड्या पडलेल्या बियांना सकाळीं ऊन मिळावयाचेंच.

खुद्द ज्वारीही याच कळीनें रात्रीची लांबी ओळखते. तिच्या फुलोऱ्याचा काळ ठरविणारें एक जनुक फायटोक्रोमचेंच आहे, हें १९९७ मध्यें दाखविण्यांत आलें. रात्र लांबल्यावर निसवणाऱ्या जातीच्या ताटांवर रात्रभर दिवा जळत ठेवला, तर कणीस बाहेर पडण्यास उशीर होतो.

मनुष्यानेंही अशा कळी घडविल्या आहेत. ॲझोबेंझीनचा रेणू प्रकाशानें वांकतो, हें हार्टली यांनीं १९३७ मध्यें दाखविलें. मात्र त्यास पुरता वांकविण्यास अतिनील किरण लागत, आणि ते जिवंत पेशींना अपाय करतात. शरीरांत हव्या त्याच जागीं प्रकाश टाकून औषध जागें करावयाचें, तर असा किरण काय कामाचा? २०१२ मध्यें त्याच रेणूंत फ्लोरिनचे चार अणु योग्य जागीं बसवितांच तो हिरव्या प्रकाशानें वांकूं लागला व निळ्यानें सरळ होऊं लागला. आतां शोध चालला आहे तो तांबड्या प्रकाशावर फिरणाऱ्या रेणूंचा; कारण दृश्य प्रकाशापैकीं तांबडाच मांसांत त्यांतल्या त्यांत खोलवर पोंचतो.