थांबण्याची किंमत

सदाशिव, नारायण, शनिवार ह्या पेठांतील मुद्रणव्यवसायाला पुण्याच्या सार्वजनिक जीवनात एक स्थान आहे. खिळ्यांचे खण आणि ट्रेडल यंत्रे तेथून केव्हाच गेली. अक्षरजुळणी, पृष्ठरचना, मुखपृष्ठ ही सारी कामे टेबलावरील संगणकावर होऊ लागली. शहराच्या इतर भागांत वास्तुरचनाकारांच्या कचेऱ्या, माहितीपटांचे संकलन करणाऱ्यांच्या खोल्या, कारखान्यांना आराखडे काढून देणारे लहान व्यावसायिक ह्यांचीही स्थिती निराळी नाही. ह्यांपैकी पुष्कळांकडे पडदा आणि यंत्र एकाच कवचात बसविलेला ‘ऑल-इन-वन’ संगणक दिसतो. त्याला जागा कमी लागते, तारांचा गुंता नसतो आणि पडदा उत्तम असतो. हा संगणक पाच-सहा वर्षांचा झाला म्हणजे मालकापुढे एक प्रश्न उभा राहतो. नवा संगणक आजच घ्यावा, की अधिक वेगवान प्रोसेसर येणार आणि किंमत उतरणार असे जे बोलले जाते त्यावर विसंबून थांबावे?

प्रश्न वरवर खासगी वाटतो. वस्तुतः तो भांडवल-गुंतवणुकीचा प्रश्न आहे. मोठ्या कंपनीत अशा निर्णयासाठी खरेदी विभाग आणि हिशेबतज्ज्ञ असतात. दोन माणसांच्या कचेरीत मात्र निर्णय ऐकीव बातमीवर होतो, आणि चुकला तर त्याचा भार थेट घरखर्चावर पडतो.

अंदाज आणि अनुभव

नव्या प्रोसेसरविषयीचे अंदाज कितपत भरवशाचे असतात, हे ॲपल कंपनीच्या आयमॅकच्या इतिहासावरून तपासता येते. डिसेंबर २०१७ मध्ये ह्या कंपनीने ‘आयमॅक प्रो’ विक्रीस आणला. इंटेलचा झिऑन जातीचा, ८ ते १८ गाभ्यांचा प्रोसेसर त्यात होता आणि अमेरिकेतील प्रारंभिक किंमत ४,९९९ डॉलर होती. भारतात त्यासाठी चार लाखांहून अधिक रुपये मोजावे लागत. पुढील आवृत्तीत कोणता प्रोसेसर येणार, किंमत किती उतरणार, ह्याविषयीचे तर्क पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले. प्रत्यक्षात ऑगस्ट २०२० मध्ये ८ गाभ्यांचा नमुना बंद झाला आणि १० गाभ्यांचा नमुना त्याच किमतीला मिळू लागला. मार्च २०२१ मध्ये तर ही यंत्रमालिकाच बंद करण्यात आली. दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहणाऱ्यांना दुसरी आवृत्ती कधीच मिळाली नाही.

लहान आयमॅकची कथाही बोधप्रद आहे. एप्रिल २०२१ मध्ये तो कंपनीच्या स्वतःच्या एम-१ प्रोसेसरसह आला. जून २०२२ मध्ये एम-२ प्रोसेसर जाहीर झाला, तेव्हा तो आयमॅकमध्येही येणार असे पुष्कळांनी गृहीत धरले. तो आला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयमॅकने एम-२ ची पायरी गाळून एकदम एम-३ गाठली. मोठ्या पडद्याचा, २७ इंची आयमॅक मार्च २०२२ मध्ये बंद झाला. त्याचा नव्या प्रोसेसरवरील वारस यावा म्हणून थांबलेल्यांना, तसा विचार नसल्याचे कंपनीकडून समजले ते नोव्हेंबर २०२३ मध्ये.

थांबणे ही नेहमीच चूक असते असा ह्याचा अर्थ नव्हे. इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःच्या प्रोसेसरकडे वळण्याचा निर्णय ॲपलने जून २०२० मध्ये जाहीरपणे सांगितला होता. त्यानंतर काही महिने थांबलेल्याला शहाणाच म्हटले पाहिजे. परंतु ती कंपनीची घोषणा होती, बाजारातील कुजबुज नव्हती. तारीख आणि उत्पादन ठरलेले असेल तर थांबणे हे नियोजन असते. दोन्ही अनिश्चित असतील तर ती टाळाटाळ ठरते.

विक्रेता गप्प का बसतो

कंपन्या आधीच सर्व सांगून का टाकत नाहीत, असे ग्राहकाला वाटते. ह्याचे उत्तर देताना ऑस्बोर्न कंपनीचे उदाहरण नेहमी दिले जाते. बालपणाचा काही काळ तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथे घालविलेल्या ॲडम ऑस्बोर्न ह्यांनी १९८१ मध्ये उचलून नेता येईल असा संगणक बाजारात आणला आणि तो भराभर खपला. पुढे अधिक चांगल्या नमुन्याची वार्ता माल तयार होण्यापूर्वीच पसरली, दुकानदारांनी जुन्याच्या मागण्या थांबविल्या, आणि १९८३ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. इतर कारणेही होती असे काही जाणकार म्हणतात. तरीही संगणक-व्यवसायाने घेतलेला धडा गुप्ततेचाच होता.

अर्थशास्त्रात हा विचार रोनाल्ड कोस ह्यांनी १९७२ मध्ये मांडला. टिकाऊ वस्तू विकणाऱ्या मक्तेदाराचा प्रतिस्पर्धी म्हणजे त्याचीच उद्याची वस्तू होय. किंमत उद्या उतरणार असे ग्राहकाने ताडले तर तो आज जादा किंमत देत नाही. म्हणून उद्याविषयी मौन पाळणे आणि जाहीर केलेली किंमत दीर्घकाळ न हलविणे ह्यात विक्रेत्याचे हित असते. ग्राहकाला अज्ञानात ठेवणे हा ह्या व्यवहाराचा अपघाती दोष नाही. त्याच्या रचनेचाच तो एक भाग आहे. त्या अज्ञानाची पोकळी मग अफवा भरून काढतात.

डॉलर स्थिर, रुपया चंचल

‘संगणक दिवसेंदिवस स्वस्त होतो’ ही समजूत एका अर्थाने खरी आहे. गॉर्डन मूर ह्यांनी १९६५ मध्ये वर्तविल्याप्रमाणे एका चकतीवर मावणाऱ्या घटकांची संख्या झपाट्याने वाढत गेली, आणि त्याच पैशात अधिक शक्ती मिळू लागली. परंतु अधिक शक्ती मिळणे निराळे आणि कमी रुपये लागणे निराळे. आयमॅकच्या सर्वांत स्वस्त नमुन्याची अमेरिकेतील किंमत २०२१, २०२३ आणि २०२४ ह्या तीनही वेळी १,२९९ डॉलर होती. भारतात मात्र २०२१ मधील १,१९,९०० रुपयांचे २०२३ मध्ये १,३४,९०० रुपये झाले, म्हणजे साडेबारा टक्के वाढ झाली. त्याच काळात डॉलरचा भाव सुमारे ७५ रुपयांवरून ८३ रुपयांवर गेला होता. थांबून किंमत उतरेल असे मानणारा पुण्यातील ग्राहक नकळत रुपयाच्या विनिमय-दरावरही पैज लावत असतो, आणि ती पैज त्याच्या बाजूने क्वचितच लागते. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांची मागणी वाढून मेमरीचे भाव भडकले, तेव्हा किमती खालीच जातात ही समजूत जगभरच खोटी ठरली.

सरकारी धोरणाने ह्या अनिश्चिततेत भरच घातली आहे. १९९७ च्या माहिती-तंत्रज्ञान करारामुळे संगणकांवर मूळ सीमाशुल्क लागत नाही. तथापि ३ ऑगस्ट २०२३ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉप, टॅब्लेट आणि ‘ऑल-इन-वन’ संगणक ह्यांच्या आयातीवर एकाएकी परवान्याचे बंधन घातले. लगोलग त्याला १ नोव्हेंबरपर्यंत स्थगिती मिळाली आणि नंतर सौम्य स्वरूपाची पूर्वसंमतीची पद्धत आली. देशात उत्पादन वाढावे हा हेतू रास्तच आहे. परंतु एका रात्रीत निघणारा आणि दुसऱ्या दिवशी पुढे ढकलला जाणारा आदेश देशी कारखानदाराला आधार देत नाही आणि ग्राहकाला मात्र घाबरवितो.

करांचा भारही सर्वांवर सारखा पडत नाही. १,३४,९०० रुपयांच्या किमतीत १८ टक्के दराने सुमारे साडेवीस हजार रुपये वस्तू व सेवा कराचे असतात. नोंदणीकृत व्यावसायिकाला ते पुढील करातून वळते करून घेता येतात. नोंदणीच्या मर्यादेखालील लहान माणसाला येत नाहीत. तेच यंत्र ज्याला कमी परवडते त्यालाच ते महाग पडते.

साधा हिशेब

मग निर्णय कशावर करावा? उदाहरणादाखल असे समजू, की नवा संगणक १,२०,००० रुपयांचा आहे, तो चार वर्षे वापरावयाचा आहे आणि वर्षाला ३०० दिवस काम चालते. शेवटी त्याची काहीच किंमत येणार नाही असे धरले तरी यंत्राचा दिवसाचा खर्च १०० रुपये होतो. आता पृष्ठरचना करणाऱ्याच्या एका तासाचे मोल १५० रुपये धरावे. जुन्या संगणकापुढे ताटकळण्यात त्याचा रोज दीड तास जात असेल तर २२५ रुपये वाया जातात. नव्या यंत्राचा खर्च वजा करता थांबण्याच्या प्रत्येक दिवसाला निव्वळ तोटा १२५ रुपयांचा. कामाच्या १५० दिवसांत, म्हणजे अर्ध्या वर्षात, तो १८,७५० रुपये होतो. दहा हजार रुपये वाचतील ह्या आशेने सहा महिने थांबणाऱ्याने दहा हजार खरोखरच वाचविले तरी पावणेनऊ हजार गमावलेले असतात.

हाच हिशेब उलटही लागू पडतो. जुन्या यंत्राने रोज अर्धाच तास खर्ची पडत असेल तर नुकसान ७५ रुपयांचे, आणि नव्या यंत्राचा खर्च १०० रुपयांचा. अशा व्यावसायिकाने नवा प्रोसेसर आला म्हणून हुरळून जाण्याचेही कारण नाही. दोन्ही उदाहरणांत निर्णय ठरतो तो कामाच्या तासांवरून. बाजारात काय येणार ह्या प्रश्नाला त्यात दुय्यम स्थान आहे.

पुण्याच्या मुद्रणव्यवसायाचे पंचांगही ध्यानात घ्यावयास हवे. दिवाळी अंकांचे काम पावसाळ्यात सुरू होते आणि दिवाळीच्या तोंडावर संपते. नवा आयमॅक २०२३ आणि २०२४ ह्या दोन्ही वर्षी जाहीर झाला तो ऑक्टोबरच्या अखेरीस. त्यासाठी थांबलेल्याने वर्षातील सर्वांत कमाईचे महिने जुन्या यंत्रावर काढले असणार. शिवाय रीतसर हिशेब ठेवून कर भरणाऱ्याला संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. परंतु त्या आर्थिक वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले असेल तर तो निम्माच मिळतो. नोव्हेंबरातील खरेदी अशा रीतीने पहिल्या वर्षीच्या करसवलतीचा अर्धा भाग पुढे ढकलते.

बंद पेटीचा प्रश्न

हे झाले व्यक्तीपुरते. मूळ प्रश्न याहून खोल आहे, तो सुधारणेच्या अधिकाराचा. प्रगत संगणक-तंत्रज्ञान विकास केंद्र म्हणजे सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि तिने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून त्याची शक्ती उभी केलेली होती. प्रोसेसर वाढवावेत आणि यंत्राची ताकद वाढवावी अशी ती कल्पना. त्याच्याही आधी खिळ्यांच्या छापखान्यात झिजलेला टाइप वितळवून पुन्हा ओतता येत असे. एक भाग झिजला म्हणून सारा छापखाना मोडीत निघत नसे. आजचा ‘ऑल-इन-वन’ पुष्कळदा ह्याच्या नेमका उलट असतो. २०२१ पासूनच्या आयमॅकमध्ये मेमरी प्रोसेसरच्याच गठ्ठ्यात पक्की बसविलेली असल्याने ती नंतर वाढविता येत नाही. प्रोसेसर मागे पडला म्हणजे उत्तम स्थितीतील पडदाही त्याच्याबरोबर बाद होण्याची वेळ येते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा थांबविला, तेव्हा केवळ प्रोसेसर मान्य यादीत नाही म्हणून चालू स्थितीतील कित्येक यंत्रे विंडोज ११ ला अपात्र ठरली.

ह्याचा आर्थिक परिणाम स्पष्ट आहे. पूर्वी लहान व्यावसायिक आज बेताचे यंत्र घेई आणि काम वाढले म्हणजे मेमरी वाढवी. गुंतवणूक टप्प्याटप्प्याने होई. आता पुढील चार-पाच वर्षांची गरज खरेदीच्या दिवशीच ओळखून तिचे पैसे आगाऊ भरावे लागतात. चुकीचा अंदाज दुरुस्त करण्याची सोय उरलेली नाही, म्हणूनच अंदाजांचा बाजार इतका तेजीत असतो. अफवांना कान देणारा ग्राहक अविवेकी नसतो. त्याला एकदाच आणि न बदलता येण्याजोगा निर्णय घ्यावा लागतो, एवढेच.

उपायही त्याच दिशेने शोधले पाहिजेत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्या विचारात शेतीची अवजारे आणि मोबाइल फोन ह्यांबरोबर टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तूंचाही समावेश होता. व्यावसायिक संगणकाचा कोणता भाग बदलता येतो, कोणता येत नाही, सुटे भाग आणि सुरक्षाविषयक सुधारणा किती वर्षे मिळतील, हे किमतीशेजारीच छापण्याची सक्ती करणे फारसे अवघड नाही. सरकारी कार्यालये आणि महाविद्यालये संगणकांची घाऊक खरेदी करतात. त्यांनी निविदेत ह्या अटी घातल्या तर विक्रेत्यांना त्यांची दखल घ्यावीच लागेल. आणि आयात-धोरणातील बदल पुरेशी मुदत देऊन जाहीर करण्यास तर सरकारला एक पैसाही लागणार नाही.

तोपर्यंत पेठेतील त्या व्यावसायिकाने आपल्याच टेबलावर एक वही ठेवून आठवडाभर जुन्या यंत्रापुढे वाया गेलेली मिनिटे टिपावीत. पुढच्या प्रोसेसरविषयी कोणी काहीही सांगो, त्याच्या निर्णयाला लागणारा सर्वांत विश्वसनीय आकडा त्या वहीत मिळेल.