पतअहवालातील चूक कोणी शोधायची?
भिलाईत पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली, तेव्हा कामगाराची पत ओळखीवर ठरे. आज ती चार पतमाहिती कंपन्यांच्या नोंदींवर ठरते. टाउनशिपचे क्वार्टर सोडून स्वतःचे घर घेऊ पाहणाऱ्याचे फेडलेले कर्ज तेथे थकीत दिसले, की गृहकर्ज अडते. २००५ च्या कायद्याने दुरुस्तीचा हक्क दिला. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये त्यास भरपाईची जोड दिली. बँकेने २१ दिवसांत सुधारित माहिती कळवावी, ३० दिवसांत तक्रार मिटावी. अन्यथा दररोज १०० रुपये. मुदत मात्र तक्रार नोंदवल्यापासूनच मोजली जाते. वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून चूक हुडकण्याचे ओझे अजूनही नागरिकाच्याच माथी आहे. नोंद करणाऱ्यानेच ती पडताळावी, हा न्याय अद्याप बाकी आहे.