मान मोडून घेण्याआधी

दिवसभर डोक्यावर घमेली वाहिली, शिलाई मशीनवर वाकून बसले, की संध्याकाळी मान धरते. मग कोणी सलूनमध्ये मान मोडून घेतो, कोणी मालीशवाल्याकडे जातो. हल्ली मोबाईलवर कायरोप्रॅक्टिकचे व्हिडिओही दिसतात. मानेला झटका, ‘कडकन’ आवाज आणि रुग्ण हसत उठतो. मानेचा पहिला मणका जागेवर बसवला की डोकेदुखी, चक्कर, ब्लडप्रेशर सगळे जाते, असे सांगितले जाते. यात खरे किती?

हा पहिला मणका कवटीच्या लगेच खाली असतो. आकार अंगठीसारखा, नाव ॲटलस. चार-पाच किलोचे डोके तो तोलतो. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या याच मणक्याच्या भोकांतून वळण घेऊन कवटीत शिरतात. म्हणून ही जागा नाजूक.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ साली अमेरिकेतील डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी केली. मणके सरकल्याने बहुतेक आजार होतात, असे ते म्हणत. त्यांचा मुलगा बी. जे. पामर याने पुढे सगळा भर वरच्या मणक्यावर दिला. या म्हणण्याला विज्ञानाचा आधार मिळालेला नाही. ‘कडकन’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी झाल्याचा असतो. २००७ साली शिकागोतील एका अभ्यासात या उपचाराने रक्तदाब उतरलेला दिसला. पण त्यात फक्त ५० रुग्ण होते आणि तो आठ आठवड्यांचाच होता. तेवढ्यावर ब्लडप्रेशरची गोळी बंद करू नका.

धोका कोणता? झटक्याने मान फिरवल्यावर कधी धमनीच्या आतल्या थराला चीर पडते. तिथे रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. असे क्वचितच घडते. पण घडते ते तरुण माणसालाही. कधी चीर आधीच पडलेली असते, तिच्यामुळेच मान दुखत असते आणि माणूस नेमका मान मोडून घ्यायला जातो. २०१४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितले, की झटक्यामुळेच चीर पडते हे सिद्ध झालेले नाही, तरी दोन्हींचा संबंध दिसतो. म्हणून रुग्णाला धोक्याची कल्पना आधी द्यावी.

मान मोडल्यावर काही तासांत किंवा काही दिवसांत मानेच्या मागे अचानक तीव्र दुखणे, गरगरणे, एकाचे दोन दिसणे, बोबडी वळणे, घास गिळता न येणे, चालताना तोल जाणे, यातले काहीही झाले तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, मोठ्या रुग्णालयात जा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. ‘मान मोडून घेतली होती’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

संधिवात, ठिसूळ हाडे, मणक्याचा टीबी असलेल्यांनी किंवा पडून मार लागलेल्यांनी मानेला झटका देऊच नये. मानदुखीसोबत ताप, वजन घटणे, हातापायांत मुंग्या किंवा लघवीवर ताबा न राहणे असेल, तर आधी तपासणी.

साधी मानदुखी बहुधा काही आठवड्यांत बरी होते. गरम शेक घ्या, उशी पातळ ठेवा, मान हळूहळू हलवत राहा. दुखणे थांबले नाही तर सरकारी रुग्णालयातील फिजिओथेरपी विभागात व्यायाम शिकून घ्या. आणि सलूनमध्ये खुर्चीत बसतानाच सांगा : ‘दादा, केस कापा, मान मोडू नका.’