क्रँकचं पुढचं ऑइल सील: गळतंय कुठून आणि का?

आजचा विषय, क्रँकशाफ्टचं पुढचं ऑइल सील. एपिसोडमध्ये मी बरंचसं हातवारे करून सांगितलं, ते ऐकणाऱ्यांना काय दिसणार! म्हणून लेखी उतरवताना तो भाग थोडा वाढवलाय.

आधी ‘पुढचं’ म्हणजे कुठलं ते बघू. मारुती ८०० मध्ये इंजिन आडवं बसवलंय, त्यामुळे इंजिनचं पुढचं टोक बंपरकडे नसतं, चाकाकडे असतं. गिअरबॉक्स जिकडे ते मागचं टोक, बेल्ट आणि पुली जिकडे ते पुढचं. पुली फिरवायला क्रँकशाफ्टला या टोकाने इंजिनच्या बाहेर यावंच लागतं. म्हणजे तिथे भोक आलं, आणि आत तर ऑइल. ते अडवणारं रबरी कडं म्हणजे हे सील.

बाहेरून पत्र्याची रिंग, आत रबराचा पातळ ओठ, आणि तो ओठ शाफ्टवर दाबून धरायला मागे एक बारीक गोल स्प्रिंग. एवढंच. पण काम बघा. शाफ्ट ३० मिलिमीटर जाडीचा धरा आणि इंजिन ३००० आरपीएमवर. हिशेब केला तर तासाभरात त्या ओठाखालून साधारण १७ किलोमीटर पोलाद घासत जातं! तरी रबर टिकतं, कारण मध्ये ऑइलचा अगदी पातळ थर असतो. ओठाची ऑइलकडची बाजू जास्त उभी आणि हवेकडची तिरकी ठेवलेली असते. त्यामुळे शाफ्ट फिरताना बाहेर येऊ बघणारं ऑइल परत आत ढकललं जातं. सील उलटं बसवलं की नवंकोरं असूनही गळतं, ते याचमुळे. स्प्रिंग दिसते ती बाजू इंजिनच्या आत, हे पाठ करून टाका.

आता खरी गोष्ट. माझ्या मामाकडे सांगलीत अजून मारुती ८०० आहे. मामीला दर आठवड्याला मिरजेला दवाखान्यात न्यायला तीच गाडी. पुलीखाली ऑइल टपकायला लागलं, तर एका गॅरेजमध्ये सांगितलं, ‘इंजिन उतरवावं लागेल, अठरा हजार.’ मामा गाडी भंगारात काढायच्या तयारीत होता. मी म्हटलं, ‘मामा, थांब. आधी गळतंय कुठून ते तर बघू.’

कारण ऑइल वरून खाली ओघळतं, आणि फिरणारी पुली ते चहूकडे उडवते. टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा कॅमशाफ्टचं सील गळत असलं तरी थेंब शेवटी क्रँकच्या पुलीवरूनच पडतो. म्हणून तो भाग ब्रशने धुऊन कोरडा करा, साधी टाल्कम पावडर भुरभुरा, थोडा वेळ इंजिन चालू ठेवा, बंद करा आणि टॉर्च मारून बघा. पावडर जिथे सर्वांत आधी ओली झाली तिथून गळती. वरचा भाग कोरडा आणि फक्त पुलीमागे ओलं, तर सील. मामाकडे हेच निघालं.

पण सील गेलं का? वय झालं की उष्णतेने रबर कडक होतं, हे एक कारण. दुसरं कारण बरेच जण बघतच नाहीत. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली उतरतोच, आणि तो बाहेर काढायला ब्रीदरचा पाइप असतो. तो चोंदला की काय होतं? कुकरची शिट्टी अडकल्यावर झाकणाच्या कडेने वाफ निघते ना, तसंच. दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून वाट काढतं. मामाच्या गाडीचा हा पाइप काळ्या गाळाने भरला होता. तो तसाच ठेवून नुसतं सील बदलणं म्हणजे आमच्या ऑफिसच्या भाषेत एरर मेसेज लपवणं.

सीलची किंमत एका मिसळीच्या आसपास. पैसे जातात ते तिथवर पोचायच्या मजुरीचे. पुलीकडचं चाक काढायचं, बाहेरचा बेल्ट, पुली, टायमिंग कव्हर, मग टायमिंग बेल्ट. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड हवाच. बेल्ट काढण्याआधी टायमिंगच्या खुणा जुळवून फोटो काढून ठेवा. आणि टायमिंग बेल्टला ऑइल लागलं असेल तर तो पुसून परत लावायचा नाही, नवाच घ्यायचा. ऑइलने रबर फुगतं, दात सुटतात. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आपटतात, मग मात्र अठरा हजारही कमी पडतील.

जुनं सील काढताना जीव मुठीत धरावा लागतो. स्क्रूड्रायव्हर शाफ्टवर घसरला आणि चरा पडला तर नवं सीलही गळणार. मामाच्या फिटरने सीलच्या पत्र्यात बारीक भोक पाडलं, त्यात स्क्रू फिरवला आणि स्क्रूचं डोकं पकडीने ओढलं. मग शाफ्टवरून नख फिरवायचं. खाच लागली तर, जागा असेल आणि ऑइल परत जायचं भोक झाकलं जात नसेल, तर नवं सील एक-दीड मिलिमीटर पुढे-मागे बसवता येतं, म्हणजे ओठ ताज्या जागेवर येतो. खाच खोल असेल तर शाफ्टवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवतात.

नव्या सीलच्या ओठाला इंजिन ऑइल लावा, स्प्रिंगच्या खोबणीत थोडं ग्रीस भरा, नाहीतर ठोकताना स्प्रिंग निसटते. (पीटीएफईची सीलं मात्र बहुतेक कोरडीच बसवतात, पाकिटावरची सूचना वाचा.) सीलच्या बाहेरच्या मापाचा पाइप किंवा मोठा सॉकेट घेऊन चहूबाजूंनी सारखं, हळूहळू ठोकायचं. तिरकं गेलं तर तेच परत सरळ करत बसू नका, नवं आणा.

बेल्ट लावल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा जुळतात का बघायचं. हाताला कुठे अडलं तर जोर न लावता थांबायचं. मग पुलीचा बोल्ट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार. शे-दोनशे किलोमीटरनंतर परत एकदा वाकून टॉर्च मारा. मामाने मारला, पुलीमागे कोरडं होतं.