मोटारघराची बॅटरी केव्हां बदलावी ?

यूरोपांत मोटारघर घेऊन प्रवासास निघण्याची प्रथा बरीच रूढ आहे. उन्हाळ्यांत हें चालतें घर गांवोगांव हिंडतें आणि हिवाळ्यांत कित्येक महिने एका जागीं उभें राहतें. वसंत ऋतूंत मालक किल्ली फिरवितो, आणि एंजिन क्षणभर कण्हून स्तब्ध होतें. ‘बॅटरी संपली’ असें म्हणून नवी विकत आणणें सोपें खरें. परंतु तें नेहमींच योग्य असतें असें नाहीं.

मोटारघरांत बहुधा दोन बॅटऱ्या असतात. एक दिवे, पंप इत्यादि घरगुती कामांसाठीं आणि दुसरी एंजिन सुरू करण्यासाठीं. आपला विषय या दुसरीचा. तिचें काम क्षणाचें, पण जोराचें. कांहीं सेकंद तिला शेंकडों अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. शिशाचे पत्रे व सौम्य गंधकाम्ल यांची ही योजना गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं सिद्ध केली. बॅटरी रिकामी होतांना पत्र्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो. ती लवकर भरली तर तो नाहींसा होतो. दीर्घकाळ तशीच राहिली तर त्याचे कठीण स्फटिक बनून पत्र्यांचा तेवढा भाग निकामी होतो.

उभ्या गाडींतही घड्याळ, चोरीची सूचना देणारी घंटा वगैरे उपकरणें थोडा प्रवाह ओढीतच असतात. तो ५० मिलिअँपिअर धरला, तर तीस दिवसांत ३६ अँपिअर-तास खर्च होतात. म्हणजे ९० अँपिअर-तासांची बॅटरी अडीच महिन्यांत रिकामी! म्हणून रिकामी बॅटरी आणि निकामी बॅटरी यांतील भेद प्रथम ओळखला पाहिजे.

त्यासाठीं टोकें स्वच्छ करून बॅटरी पूर्ण भरावी, रात्रभर विसावूं द्यावी आणि सकाळीं विद्युद्दाब मोजावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाब टिकला तर उत्तम; १२.४ च्या खालीं उतरला तर संशय धरावा. मग एंजिन फिरवीत असतां पुन्हां मोजावें. साधारण हवेंत, भरलेल्या बॅटरीचा दाब त्या वेळीं ९.६ च्याही खालीं गेला, तर तिची शक्ति सरली असें समजावें. एंजिन चालू झाल्यावर दाब १४ व्होल्टांच्या आसपास चढलाच नाहीं, तर दोष अल्टरनेटरचा किंवा तारांचा असूं शकेल. नव्या गाड्यांत मात्र हा आंकडा यंत्रणाच कमीजास्त करते. बॅटरीची पेटी फुगली असेल, तर परीक्षा न करतां ती बदलावी.

पांच-सहा वर्षें वय झालें कीं ही परीक्षा दर शरदांत करावी. कारण उणें १८ अंश सेल्सिअसच्या थंडींत बॅटरीची शक्ति सुमारें निम्म्यावर येते, आणि एंजिनांतील तेल घट्ट होऊन तिचें काम मात्र वाढतें. शिवाय अगदीं रिकाम्या बॅटरींतील द्राव शून्याखालीं थोड्याच अंशांवर गोठून पेटी तडकूं शकते. यास्तव हिवाळ्यांत ती अधूनमधून भरीत जावी. परीक्षेंत उतरलेली बॅटरी केवळ वयामुळें टाकूं नये. न उतरलेली मात्र काटकसरीसाठीं सोबत घेऊन दूरच्या घाटांत जाऊं नये.